मिस्त्रीनं शहाबादी फरशीवर ॲसिडचं पाणी सोडलं, आता काय करू?

ओसरीवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही दर्यापूर साईडचे. न्हाणीत नवीन टाइल्स बसवल्या, मिस्त्री गावातलाच. टाइलवरचं सिमेंट निघत नव्हतं म्हणून त्यानं ॲसिड मारलं अन् ते पाणी खराट्यानं सरळ ओसरीतून बाहेर काढलं. ओसरीत आजोबानं बसवलेली शहाबादी आहे, पायानं घासून घासून तुळतुळीत झालेली. आता दारापासून पायरीपर्यंत हातभर रुंद पांढरा पट्टा पडला, बोट फिरवलं का चुन्यावानी भुकटी लागते, बादली ठेवली होती तिथं गोल कडं उमटलं. त्याचे ६ हजार द्यायचे बाकी आहेत. माझं बजेट ४ हजार. दिवाळीले बहीण येते, त्याच्या आधी करायचं आहे. फरशी बदलायची नाही.

कपाशी७२:
काढून टाक ना भाऊ ती फरशी. मी पोरीच्या लग्नात पूर्ण घरात २ बाय २ ची व्हिट्रिफाइड लावली, मजुरी धरून ऐंशी हजार गेले पण पाहणारा पाहतच राह्यते. शहाबादी आता कोण ठेवते.

वरुडचा_संत्रा:
माह्या घरी असंच झालं होतं. बाकीच्या फरशीवर पण पातळ ॲसिड मारून घे, सगळा रंग एकसारखा होते.

मास्तर_अकोट:
वरुडवाले भाऊ, असं नका सांगू, कोणी खरंच करून बसंल. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं का फसफस होते ना, तो दगडच विरघळते. डाग नाही तो, वरचा थर खाल्ला गेला आहे, त्यामुळं साबणानं काही निघणार नाही. पहिले खाण्याचा सोडा पाण्यात टाकून फरशी धुवा, सांध्यात राह्यलेलं ॲसिड मरते. अन् त्यावर ब्लीचिंग पावडर कोणी टाकू नका, ॲसिडसंगं क्लोरीन वायू निघते, बंद न्हाणीत जीवावर बेतते.

नागपूर_रिटर्न:
एक रुपया देऊ नका त्याला. फोटो काढा, झालेल्या कामाचा हिशोब लिहून त्याची सही घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, काम ५ लाखांच्या आतलं असेल तर फी पण नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

कपाशी७२:
गावातल्या मिस्त्रीवर केस? उद्या जोत्याला भेग पडली तर कोणाले बोलावशील?

नागपूर_रिटर्न:
नुकसान केलं तर भरून द्यायचं, त्यात गाव कुठं आलं. काम ठेक्यानं दिलं होतं का रोजीनं? रोजीनं असेल तर अडचण येईल, आपल्या हाताखालच्या नोकरासारखं काम कायद्यात सेवा म्हणून धरत नाहीत.

खारपाणपट्टा:
ॲसिडचं सोडा, तुमच्याकडं बोअरचं पाणी खारं ना? मिस्त्रीनं प्लास्टरले तेच वापरलं असंल तर दोन वर्षात भिंतीले लोणा धरते, पोपडे पडतात. माह्या दोन खोल्या गेल्या. ते आधी विचारा त्याले.

मूर्तिजापूरची_ताई:
दादा, फरशीवर मशीन मारून घ्या, घोटाई करून. आमच्या स्वयंपाकघरात लिंबाचं लोणचं सांडून असंच झालं होतं. पॉलिशवाल्यानं जाड बट्टीपासून, म्हणजे मशीनले लावायच्या घासायच्या दगडापासून, सुरू करून बारीक बट्टीपर्यंत नेलं, शेवटी पावडर मारली. नुसता पट्टा घासला तर तिथं खड्डा दिसते, पूर्ण ओसरी घ्या. पाणी खूप लागते अन् राखाडी चिखल निघते, धान्य झाकून ठेवा. पण त्याच मिस्त्रीले हात लावू देऊ नका.

वरुडचा_संत्रा:
मी पण तेच म्हणतो, मशीन मारा. मिस्त्री दुसरा.

नागपूर_रिटर्न:
दुसरा मिस्त्री, आणि पैसे कापूनच.

ओसरीवाला:
सगळ्यांचे आभार, ताईचं विशेष. सोड्यानं धुतलं. काम ठेक्यानं दिलं होतं, केस करता आली असती, पण मी त्याच मिस्त्रीले बोलावलं. तो ओसरीत उकिडवा बसला, पट्ट्यावरून हात फिरवला अन् म्हणे, ही फरशी माह्या बापानं बसवली तुह्या आजोबासंगं. मले हे माहीतच नव्हतं. मशीनचं भाडं अन् बट्टीचे पैसे मी दिले, मजुरी त्यानं घेतली नाही, त्याचे ६ हजार मी पूर्ण दिले. चूक त्याची होती हे त्याले तोंडावर सांगतलं, त्यानं मान्य केलं. दोन दिवसात पूर्ण ओसरी घोटली, पट्टा गेला. बादलीचं कडं अजून जरासं दिसते, तिथं वीज आली का आज आणखी एक हात मारतो म्हणे.