मदत हवी आहे: ५, ८ आणि ११ वर्षांच्या मुलांनी एकत्र खेळायचे गेम

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. घरात तीन भाचरं, एक टीव्ही, एक निन्टेंडो स्विच (टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) आणि एक अँड्रॉइड टॅब. तिघांना एकाच पडद्यावर खेळता येईल असं काय घ्यावं?

आतापर्यंतचा हिशोब असा. मारिओ कार्ट ८ डिलक्स (गाड्यांच्या शर्यतीचा गेम): चौघं एकत्र खेळतात. स्मार्ट स्टिअरिंग आणि ऑटो-अॅक्सिलरेट चालू केलं की पाच वर्षांचाही रस्ता सोडत नाही. जॉय-कॉनची (स्विचच्या छोट्या कंट्रोलरची) एक जोडी आडवी धरून दोघांचं भागतं, तिसऱ्यासाठी आणखी एक कंट्रोलर घ्यावाच लागतो, आणि तो स्वस्त नाही. ओव्हरकुक्ड २ (वेळेत स्वयंपाक करायचा गेम) ला पेगी ३ आहे, म्हणजे युरोपातल्या वयाच्या रेटिंगनुसार ३ वर्षांपासून पुढं, पण पेगीचा आकडा गेममध्ये दिसतं ते मुलांना चालेल का एवढंच सांगतो, गेम किती अवघड ते नाही. घड्याळ पळायला लागलं की धाकटा रडणार! माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम) 'पीसफुल' या सोप्या पातळीवर ठेवलं तर राक्षस येत नाहीत, भूकही लागत नाही. पण टॅबवर पडदा विभागून खेळता येत नाही.

टॅबवर फॅमिली लिंक (मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप) लावलंय, प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्डही. फुकट गेममधल्या जाहिराती मात्र तरीही येतातच.

विचारायचं ते हे: पाच आणि अकरा वर्षांची मुलं भांडण न करता एकाच बाजूनं खेळतील, वाचता न येणाऱ्यालाही जमेल आणि इंटरनेट लागणार नाही, असा स्विचवरचा गेम कोणता? वय आणि किती खेळाडू तेही लिहा.