रोजच्या वापराला तीन चाकी इसेटा घ्यावी का? १९७६चा उन्हाळा पाहिलेल्यांनी सांगा

केदार_ब्रिस्टॉल

मंडळी, गेले काही महिने एका जुन्या इसेटावर, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या दोन माणसांपुरत्या चिमुकल्या गाडीवर, जीव जडलाय. १९५९ची, ब्रायटनच्या कारखान्यातली, तीन चाकी, २९८ सीसी. पुढचं अख्खं तोंड म्हणजेच दार. मालक म्हातारा आहे, घाई करत नाही, पण किती थांबेल सांगता येत नाही.

अडचण घरातून आहे. बायको म्हणते, "जुलै २०२२मध्ये इंग्लंडात ४० अंशांच्या वर गेलं होतं. त्या काचेच्या गोळ्यात आपण शिजून निघू." शेजारचे आजोबा तर जरा ऊन पडलं की १९७६च्या इथल्या उकाड्याच्या आणि दुष्काळाच्या गोष्टी काढतात. तेव्हा अशी गाडी कुणी वापरली होती का? रविवारी मिरवायला काढणाऱ्यांचं पुष्कळ वाचून झालंय. मला बाजारहाट, ऑफिस असं रोजचं ऐकायचंय.

नटबोल्ट

इंजिन एअर-कूल्ड आहे, रेडिएटरच नाही, तेव्हा पाणी उकळून रस्त्यात उभं राहण्याची भीती नको. एक सिलिंडर, १३ हॉर्सपॉवर, त्यात बिघडायला तसं फार काही नाही. पंख्याभोवतीचं पत्र्याचं आवरण मात्र शाबूत हवं आणि आतून साफ हवं. डायनास्टार्ट म्हणून एक प्रकार असतो, स्टार्टर आणि डायनॅमो एकाच डब्यात. तो दुरुस्त करणारा माणूस आधी शोध, गाडी नंतर घे.

अजून एक. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत चालकही उजवीकडे आणि इंजिनही उजवीकडे, म्हणून ब्रायटनवाले डाव्या बाजूला तोलाचं वजन बसवायचे. ते जागेवर आहे का बघ. उन्हाळ्याबद्दल मी काय बोलणार, ७६ साली माझा जन्मही झाला नव्हता.

सांगलीची_सुमती

केदार, आमच्याकडे होती. चालवायचे हे, मी डावीकडे मांडीवर पिशव्या घेऊन. साउदॅम्प्टनला राहायचो. ह्यांच्याकडे फक्त मोटरसायकलचा परवाना होता आणि त्यावर तीन चाकी गाडी चालवता यायची, एवढंच कारण. हौसबिऊस काही नाही. आणि तेव्हा ती व्हिंटेज नव्हती रे, नुसती जुनी होती. गल्लीतली पोरं हसायची.

७६च्या जूनमध्ये, २८ तारखेला, आमच्याच गावात ३५.६ अंश झालं. सांगलीच्या बाईला त्याचं काय कौतुक, असं वाटेल तुला. पण इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखा कुणाकडे नाही, खिडक्या अर्ध्याच उघडणाऱ्या. २३ जूनपासून पंधरा दिवस इंग्लंडात रोज कुठे ना कुठे पारा ३२च्या पुढे जात होता. त्या दिवसांत आमच्याकडची सगळ्यात गार जागा म्हणजे चालती इसेटा. छत कापडाचं, ते पार मागे गुंडाळायचं, बाजूच्या काचा सरकवायच्या आणि निघायचं. बायकोला सांग, चालत्या गाडीत शिजायला होत नाही. उन्हात उभी केली तर मात्र भट्टी. सीट पोळायची, म्हणून मी तीवर जुनं सुती लुगडं चौघडी करून टाकायचे. ह्यांच्या पाठीमागेच इंजिन, त्यामुळे हे उतरायचे ते घामाने निथळतच.

रस्त्यांचं डांबर वितळलं होतं. चार चाकी गाड्यांची चाकं आपापल्या चाकोरीतून जातात, आमचं मागचं एकुलतं एक चाक बरोबर मधून, जिथे कुणाचंच चाक फिरत नाही तिथून. तिथली खडी आणि डांबर उडून खालून ताडताड वाजायचं. संध्याकाळी हे चिंधीला पॅराफिन, म्हणजे आपलं रॉकेल, लावून पत्रा पुसत बसायचे. धुणार कशाने? पाइप लावून गाडी धुवायला बंदी होती. मळकी गाडी म्हणजे जबाबदार नागरिक, असा तो काळ. त्या एका उन्हाळ्यात आमची गाडी चारचौघांत शोभून दिसली.

मी ७२चा दुष्काळ पाहून आलेली. आटपाडी, जतकडची माणसं खडी फोडायच्या कामावर जायची, सुकडीसाठी मुलांच्या रांगा लागायच्या. त्यामुळे इथे पिवळ्या पडलेल्या हिरवळीवर लोक हळहळायचे तेव्हा मला आधी हसूच यायचं. पुढे वेल्स आणि डेव्हनमध्ये लोक रस्त्यातल्या नळांवरून बादल्या भरून नेताना टीव्हीवर पाहिले, मग नाही हसले. आंघोळ दोघांनी मिळून करा, असा सल्लासुद्धा चक्क दिला जायचा.

आणि ते लेडीबर्ड! लाल, सात ठिपक्यांचे किडे. वसंतात मावा भरपूर पडला म्हणून ते बेसुमार वाढले, मग झाडं वाळली, मावा संपला आणि ही फौज उपाशी. किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो की उघड्या छतातून मूठमूठभर आत पडायचे. घामाच्या ओलाव्यासाठी चावायचेही. ह्यांच्या मानेवर लाल पुरळ. छत लावावं तर जीव घुसमटणार, उघडं ठेवावं तर किडे.

रिव्हर्स गियर नाही, हे विसरू नकोस. एकदा भाजीच्या दुकानाशी आम्ही आत बसलेलो असताना एक व्हॅन येऊन अगदी नाकाला नाक लावून उभी राहिली आणि तिचा चालक गेला निघून. फ्रिजसारखं पुढे उघडणारं दार, ते उघडणार कसं? छतातून बाहेर पडावं लागलं. मी साडीत. फुटपाथवरच्या दोन म्हाताऱ्यांनी मला हात दिला आणि मग त्यांच्याच मदतीने ह्यांनी गाडी हाताने मागे ढकलली. साडेतीनशे किलोची वस्तू, जाते.

खरा त्रास ऊन संपल्यावर झाला. ऑगस्टच्या शेवटी सरकारने डेनिस हॉवेल यांना दुष्काळाचे मंत्री नेमलं आणि काही दिवसांत बँक हॉलिडेच्या सुट्टीत पाऊस सुरू झाला. अख्खा उन्हाळा तापून छताचं कापड घड्यांवर तडकलेलं, दाराभोवतीचं रबर कडक झालेलं. पुढचंच दार, तेव्हा चालत्या गाडीवरचा सगळा पाऊस त्या फटीवर. थेट पायांवर पाणी. सप्टेंबर, ऑक्टोबर धो धो गेले. ओल धरली की सकाळी सुरू व्हायला का कू करायची. हे छत्री धरून इंजिनाचं झाकण उघडायचे आणि मी बस पकडायचे. नाताळच्या आधी विकली. मला वाईट वाटलं, ह्यांना नाही.

केदार_ब्रिस्टॉल

मावशी, हे बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. साडीच्या प्रसंगाला ती जी हसली, त्यावरून अर्धी परवानगी मिळाली असं धरतो. रविवारी गाडी पाहायला जातोय. हवा छान आहे म्हणतात.

सांगलीची_सुमती

छान हवेत कशाला जातोस? पाऊस असेल तो दिवस बघ. मालकाला म्हणावं, गाडी तासभर बाहेर उभी करा. तोवर चहा घे, गप्पा मार. मग पायाखालची मॅट उचलून खाली हात फिरव. छताची घडी उलगडून उजेडात धर. रबर बोटाने दाबून बघ, परत वर येतं का. हे जमलं तर घे, इंजिनाचं नटबोल्ट सांगतात ते बघून. आणि बायकोला घेऊन जा, पँट घालून यायला सांग.