दचकवणारे नकोत, डोक्यात घर करून बसणारे भयपट सुचवा

निशाचर:

'शायनिंग', 'हेरेडिटरी', 'बाबाडूक', 'द विच' बघून झाले. आता त्याच वाटेवरचं, पण आणखी काळं काहीतरी हवंय. दार धाडकन आपटून दचकवणारे नकोत. रक्त कमी असलं तरी चालेल. शेवटी 'हे सगळं भुतानं केलं' म्हणून हात झटकणारे तर अजिबात नकोत. माणसाचं डोकं हळूहळू सुटत चाललंय आणि बघणाऱ्यालाही कशावर विश्वास ठेवावा कळेनासं होतंय, अशा जातीचे सांगा. भाषेची अट नाही. साधा ४३ इंची टीव्ही आणि हेडफोन आहेत. एकाच नावाचे दोन-दोन सिनेमे सापडतात, तेव्हा वर्षही लिहा. कृपया रसभंग करू नका.

तिरकस चौकट:

तुमच्या अटी वाचून पहिलं नाव येतं ते 'क्युअर' (१९९७, जपानी, दिग्दर्शक कियोशी कुरोसावा, अकिरा कुरोसावांशी नातं नाही). टोकियोत एकामागून एक खून होतात. प्रत्येक प्रेतावर गळ्यापासून छातीपर्यंत फुलीसारखी खूण असते, पण खुनी दर वेळी वेगळा. शिक्षक, पोलीस, डॉक्टर, अशी साधी माणसं. खून केल्याचं कबूल करतात, का केला ते सांगता येत नाही. या सगळ्यांना भेटून गेलेला एक तरुण आहे, त्याला काहीच आठवत नाही. तो समोरच्याला एकच प्रश्न परत परत विचारतो: 'तू कोण आहेस?'

यात भीती तयार होते ती कॅमेरा लांब ठेवल्यामुळे. चेहरे जवळून फारसे दाखवतच नाहीत. खोली पूर्ण दिसते, माणूस कोपऱ्यात असतो आणि शॉट तुटत नाही. खून होतो तोही असाच, दुरून, संगीताशिवाय, एखादं काम उरकावं तसा. डिटेक्टिव्हच्या घरात बायको आजारी आहे आणि कपडे सुकवायचं यंत्र रिकामंच घरघरत असतं. ती घरघर, सांडलेलं पाणी, लायटरची ज्योत, एवढंच साहित्य. शेवटच्या हॉटेलातल्या प्रसंगात डिटेक्टिव्हकडे बघत बसू नका, जेवण वाढणाऱ्या मुलीकडे लक्ष ठेवा. काही सेकंदांचा मामला आहे. तो हुकला की लोक 'शेवट काही कळला नाही' म्हणतात.

हा आवडला तर त्यांचाच 'पल्स' (२००१, मूळ नाव 'कैरो'). तिथे भुतं आहेत, पण ती काही करत नाहीत. एक बाई नुसती चालत येते, मध्येच एक पाय दुमडतो. बस. तेवढं पुरतं.

दुसरं नाव 'रिपल्शन' (१९६५). लंडनमधल्या फ्लॅटमध्ये एकटी राहिलेली मुलगी. दिवस किती उलटले हे सांगायला कॅलेंडर नाही. फ्रिजबाहेर राहिलेला सोललेला ससा आणि मोड येत चाललेले बटाटे आहेत, त्यांच्याकडे बघत राहा. घड्याळाची टिकटिक आणि शेजारच्या कॉन्व्हेंटची घंटा यांवरच अर्धा सिनेमा उभा आहे. लैंगिक अत्याचाराची दृश्यं आहेत, हे ठाऊक असू द्या.

वाळवी:

'क्युअर'ला पूर्ण अनुमोदन. वर्ष का बघायचं, त्यावर थोडं.

'पल्स' शोधलं की २००६ चा अमेरिकी पुनर्निर्मित सिनेमा आधी पुढे येतो. तो सोडून द्या. 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' कोरियन, २००३ चाच बघा. २००९ चा 'द अनइन्व्हायटेड' ही त्याची पातळ केलेली आवृत्ती. 'फनी गेम्स'चं उलट आहे. १९९७ चा ऑस्ट्रियन आणि २००७ चा इंग्रजी, दोन्ही दिग्दर्शक मिखाएल हानेकेंचेच आणि जवळजवळ शॉटला शॉट सारखे, म्हणून कुठलाही चालेल.

सगळ्यांत मोठा फरक 'द व्हॅनिशिंग'मध्ये. १९८८ चा डच-फ्रेंच सिनेमा आणि १९९३ चा हॉलिवूडचा, दोन्हींचा दिग्दर्शक एकच, जॉर्ज स्लाउझर. पण दुसऱ्यात शेवट बदलून गोड केलाय, म्हणजे गाभाच काढून टाकलाय. १९८८ चाच हवा. पेट्रोल पंपावर थांबलेल्या जोडप्यातली मुलगी नाहीशी होते. कोणी केलं हे दिग्दर्शक लपवतच नाही. पळवणारा चांगला संसारी माणूस आहे. क्लोरोफॉर्मचा अंमल किती वेळ टिकतो ते स्वतःवर वापरून मोजतो, स्वतःची नाडी बघतो, मुलीला गाडीत बसवायची तालीम करतो. भयपट म्हणावं की थरारपट, यावर वाद घाला हवा तर. शेवटची दहा मिनिटं बघून मग घाला.

'पझेशन' (१९८१): बर्लिनच्या भिंतीला लागून असलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये घटस्फोटाची गोष्ट सुरू होते आणि भलतीकडेच जाते. मूळ लांबी १२४ मिनिटं. अमेरिकेत तो कापून ८१ मिनिटांचा केला होता आणि ती प्रत म्हणजे निव्वळ खिचडी. लावण्याआधी मिनिटं बघा. मूळ सिनेमाच इंग्रजीत आहे, डब समजू नका. यात आरडाओरडा खूप आहे. नायिका इझाबेल अजानीचा भुयारी रेल्वेतला प्रसंग सहन होणं न होणं हीच या सिनेमाची परीक्षा.

जाता जाता: 'शायनिंग' कुठला बघितलात? १४४ मिनिटांचा अमेरिकेतला की युरोपात दाखवलेला ११९ चा? ११९ चा असेल तर जवळजवळ पंचवीस मिनिटं तुमची राहिलीच आहेत.

मंद दिवा:

यादी उत्तम चालू आहे, पण टीव्हीची सेटिंग्ज बदलली नाहीत तर निम्मी वाया जाईल.

पहिलं, मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय, चित्राच्या प्रगत सेटिंगमध्ये सापडेल. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सगळं दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. वर सांगितलेली 'पल्स'मधली बाई स्मूदिंग चालू ठेवून बघितली तर हसू येईल.

दुसरं, 'व्हिव्हिड'ऐवजी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. खोलीतल्या उजेडानुसार ब्राइटनेस आपोआप कमी करणारा इको पर्यायही बंद. तो अंधारात चित्र आणखी काळं करतो आणि मागच्या भिंतीपाशी उभं असलेलं माणूस भिंतीतच जातं. काळोख राखाडी दिसला तर ब्राइटनेस जास्त आहे. पात्राचे काळे केस आणि मागचा अंधार एक झाला तर कमी आहे.

तिसरं, 'झूम' किंवा 'फिल स्क्रीन' नको. 'द इनोसंट्स' (१९६१) इथे कुणी अजून घेतला कसा नाही? तो सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा आहे. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिस यांनी फिल्टरच्या कडा रंगवून चौकटीच्या दोन्ही बाजू मुद्दाम काळवंडवल्या. म्हणजे भीती कडांना आहे आणि झूमनं नेमक्या कडाच कापल्या जातात. सुरुवातीला पडदा बराच वेळ काळा राहतो आणि लहान मुलीचं गाणं ऐकू येतं. तिथे टीव्ही बिघडलेला नाही. दोन मुलांना सांभाळायला आलेल्या बाईला मेलेली माणसं खरंच दिसतात की तिचं मन ती उभी करतंय, याचा निकाल सिनेमा देत नाही. निशाचर, तुमची अट यापेक्षा जास्त कोणी पाळलेली नाही.

आवाज: टीव्हीचा 'नाइट मोड' हळू आवाज मोठे करतो, मोठे हळू करतो. या सिनेमांत शांतता हेच हत्यार आहे, तो बंदच हवा. हेडफोनचा आवाज पहिल्या पाच मिनिटांतल्या साध्या बोलण्यावर ठरवा आणि मग हात लावू नका. शांत प्रसंगात ऐकू येत नाही म्हणून वाढवायचा आणि पुढच्या किंकाळीला कान फोडून घ्यायचे, ही नेहमीची चूक. लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्ज येतच नाही, त्यामुळे 'क्युअर'ची ती घरघर तिथे जवळजवळ गायब होते.

आणि डेटा सेव्हर बंद ठेवा. कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी डेटा आला की, अंधाराची चौकोनी ठिगळं होतात.

भुंगा:

आपल्याकडचं कुणीच काही घेत नाही म्हणून लिहितो.

'भूतकालम' (२०२२, मल्याळम, दिग्दर्शक राहुल सदाशिवन, थेट सोनी लिव्हवर आला होता). नैराश्याचे उपचार चालू असलेली आई, नोकरी न मिळालेला मुलगा, आजीचा मृत्यू, भाड्याचं घर. निम्म्याहून जास्त वेळ मायलेकांची भांडणंच आहेत आणि तोच सगळ्यांत भीतिदायक भाग. रेवतीचं काम बघाच. शेवटाकडे तो तुमची 'भूत नको' ही अट मोडतो, पण तोवर काम झालेलं असतं.

'आमिस' (२०१९, आसामी, भास्कर हजारिका). गुवाहाटीतली विवाहित डॉक्टर आणि मांसाहाराच्या सवयींवर संशोधन करणारा विद्यार्थी. वेगवेगळं मांस एकत्र खाण्यातून ओढ वाढत जाते. एकमेकांना हातही लावत नाहीत. पुढचं सांगणार नाही. जेवून लगेच लावू नका आणि समोर ताट घेऊन तर मुळीच नको.

'कौन' (१९९९): एक बंगला, पाऊस, तीन माणसं, एकही गाणं नाही. ऊर्मिला मातोंडकर आणि मनोज बाजपेयी. पार्श्वसंगीत मात्र जागोजाग दणके देतं, आधीच सांगून ठेवतो.

'मणिचित्रत्ताळ' (१९९३) शोभनासाठी बघा, पण शेवटी मानसोपचारतज्ज्ञ सगळं उलगडून सांगतो. २००७ च्या 'भूलभुलैया'चं मूळ तेच.

'तुंबाड' (२०१८) कुणीतरी सुचवणारच. सुंदर सिनेमा, धारपांच्या कथेची प्रेरणा असल्यानं आपला वाटतो, पण भीती हावेची आणि राक्षसाची आहे. डोकं कुणाचं सुटत नाही. मराठीतला 'लपाछपी' (२०१७) उसाच्या फडाचा वापर भन्नाट करतो, तरी धोका तिथेही बाहेरचाच.

निशाचर:

वा, महिन्याभराची सोय झाली! पाहिला तो ११९ मिनिटांचाच 'शायनिंग' निघाला. दोन प्रश्न: 'ऑडिशन' आणि 'लेक मंगो' ही नावं सारखी दिसतात, ती या जातीत बसतात का? आणि सुरुवात कुठून करू?

तिरकस चौकट:

'लेक मंगो' (२००८, ऑस्ट्रेलिया) शंभर टक्के बसतो. बुडून मेलेल्या मुलीच्या घरच्यांच्या मुलाखती, घरचे फोटो, व्हिडिओ, बातमीपटासारखी मांडणी. मोबाइलवर बघू नका, फोटोंचे कोपरे दिसले पाहिजेत. सिनेमा संपला असं वाटेल तेव्हा थांबा, श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. ओटीटी ती बारीक करून लगेच पुढचं काहीतरी सुरू करतं, म्हणून ऑटोप्ले आधीच बंद करा. अर्धी भीती त्या नामावलीत आहे.

'ऑडिशन' (१९९९) पहिला बराच वेळ विधुर माणसाची शांत प्रेमकथा आहे. फोन वाजल्यावर खोलीतलं पोतं हलतं तिथून पुढे वेगळाच सिनेमा. शेवटचा सुयांचा भाग खरोखर सोसवत नाही. रक्ताबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावरून शेवटी ठेवा. ट्रेलर आणि पोस्टर दोन्ही टाळा.

क्रम: आधी 'द इनोसंट्स', मग 'लेक मंगो', मग 'क्युअर'. तिन्ही वेगवेगळ्या रात्री. मध्ये छोटं हवं तर 'सेंट मॉड' (२०१९, ८४ मिनिटं): रुग्णाची सेवा करणारी नर्स, देव आपल्याशी बोलतो अशी तिची खात्री. शेवटचा क्षण सेकंदभराचाही नाही, पापणी लववू नका.

वाळवी:

त्या क्रमात 'डोन्ट लुक नाऊ' (१९७३) घाला. मूल गमावलेलं जोडपं हिवाळ्यातल्या व्हेनिसमध्ये. सुरुवातच मुलीच्या बुडण्यानं होते, घरात लहान मूल असेल तर विचार करून लावा. इटालियन बोलणं मुद्दाम भाषांतर न करता ठेवलंय, नायकाइतकंच आपणही गोंधळावं म्हणून. सबटायटल इंग्रजीचीच हवीत. इटालियनचाही अर्थ देणारी असतील तर बंद करा. आणि लाल रंग कुठे कुठे येतो तेवढं बघत राहा.