शब्दचर्चा : बुद्धिबळातल्या 'मूव्ह ऑर्डर'ला मराठीत काय म्हणावं?

अडीचघर (विश्रामबाग, सांगली)
मुलांच्या बुद्धिबळ वर्गासाठी मराठीत टिपणं काढतोय आणि एका शब्दापाशी अडलोय : मूव्ह ऑर्डर. शब्दशः 'चालींचा क्रम', पण आम्ही तो ज्या अर्थानं वापरतो त्यात क्रमापेक्षा जास्त काही आहे.

पांढऱ्याला इटालियन ही सुरुवात खेळायचीय असं धरा. (नुसतं घराचं नाव असेल तिथं चाल प्याद्याची.) सरळ वाट अशी : ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४. पण काळा दुसऱ्याच चालीला ई५ राखायचं सोडून घोडा एफ६ करतो आणि उलट आपल्या ई४वर येतो. ही दुसरीच सुरुवात, पेट्रोव्ह. मग इटालियन राहिलं बाजूला. म्हणून काही जण दुसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी४ला काढतात. आता घोडा एफ६ आला तर डी३ करून ई४ राखायचं. काळ्यानं घोडा सी६ केला की आपण घोडा एफ३. पट बघा, इटालियनच आहे. पेट्रोव्ह वाटेत भेटलाच नाही.

हे फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे सर, पेट्रोव्हला गंडवलं!" वर्ग हसला, मीही हसलो. पण टिपणात 'गंडवणे' कसं लिहू?

मिरजकर
'चालक्रम' लिहा आणि मोकळे व्हा. छोटा आहे, कळतो. 'खेळीक्रम' मात्र नको, जिभेला जड जातो. 'चालींचा क्रम' आमच्याकडे गाण्याबजावण्याच्या मिरजेत म्हणालात तर समोरचा गाण्याच्या चाली समजून पेटी उघडून बसेल, एवढीच भीती! ज्या सांगलीनं भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या बुद्धिबळपटू दिल्या, तिथल्या पोरांना एवढ्यासाठी इंग्रजी शब्द लागू नये.

लालमाती
मी तालमीतला माणूस, बुद्धिबळ जेमतेम. तुम्ही सांगताय त्याला आम्ही हूल म्हणतो. पट काढायचा, म्हणजे पाय धरायचा, आव आणायचा, गडी खाली वाकला की वरनं मान धरायची. कबड्डीतही हेच. 'हूल देणे' घ्या.

आणि एक विचारतो. डिफेन्सला 'बचाव' का म्हणता? आमच्यात डावाला तोड असते. तोड म्हणजे नुसतं अंग वाचवणं नव्हे, त्यातनं उलटा डावही बसतो.

अडीचघर
लालमाती, तोड फारच आवडला. सिसिलियनला (ई४ला सी५ हे उत्तर) 'बचाव' म्हणताना मला दर वेळी खटकतं, कारण तो खेळणारा पहिल्या चालीपासून भांडायलाच आलेला असतो. पण वर्तमानपत्रांनी 'सिसिलियन बचाव' इतका रुळवलाय की आता बदलणं अवघड.

हूल मात्र इथं बसत नाही. हुलीत दाखवलेली चाल खोटी असते. इथला उंट खरोखरच सी४ला जाऊन बसतो, त्याला तिथंच बसायचं होतं. लपवाछपवी काहीच नाही, फक्त आधी कोण आणि मग कोण एवढाच प्रश्न. झुकांडीचाही विचार केला, पण झुकांडी द्यायला मागे कुणीतरी लागलेलं हवं. 'बगल देणे' अर्थानं जवळ आहे, पण तो पुढाऱ्यांनी वापरून वापरून मळवलाय.

कृष्णाकाठ
साधा 'चुकवणे' का नको? आजी मला बाजारात धाडताना म्हणायची, "गणपती पेठेतनं जाऊ नको, ती भेटली की तासभर उभी करंल. तिला चुकवून जा." मग मी हरभट रोडनं जायचे. जायचं ठिकाण तेच, वाट तेवढी वेगळी. तुमचा पेट्रोव्ह मला अगदी त्या बाईसारखा वाटला.

फक्त हिंदी वाचणाऱ्या मुलांना बजावा. हिंदीत 'कर चुकाना' म्हणजे कर भरणं, मराठीत कर चुकवणं म्हणजे नेमकं उलटं.

अडीचघर
ताई, सापडला! क्रियापदच हवं होतं आणि मी उगाच नाम शोधत बसलो होतो. वाक्यंही सरळ होतात. 'डी४ घोडा एफ६नंतर लगेच सी४ न करता घोडा एफ३ केला की बुडापेस्ट (काळ्याची एक सुरुवात) चुकतो.' कारण बुडापेस्टवाल्याला सी४नंतर ई५ला प्यादं फेकायचं असतं आणि आपला घोडा त्या घरावर आधीच नजर ठेवून असतो.

मिरजकर
मग त्याची किंमतही टिपणात लिहा. तुमच्या इटालियनमध्ये उंट आधी काढला की काळा सी६ करून डी५च्या तयारीला लागतो. डी४ घोडा एफ६, सी४ ई६नंतर निम्झो-इंडियन ही सुरुवात चुकवायला तिसऱ्या चालीला घोडा सी३ऐवजी एफ३ला काढला, तर काळा बी६ करून क्वीन्स इंडियन या दुसऱ्या सुरुवातीत शिरतो. काळ्याचंही तेच. डच (डी४ला एफ५) खेळणारे डी४ला आधी ई६ करतात, म्हणजे एफ५ला लगेच ई४ येत नाही. पण पांढऱ्यानं त्या ई६लाच ई४ केलं तर फ्रेंच (ई४ला ई६) खेळायची तयारी हवी.

अडीचघर
ही किंमत मी स्वतः मोजलीय. एका स्पर्धेत बुडापेस्टच्या धास्तीनं पहिलीच चाल घोडा एफ३ केली. समोर दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिनं सी५ला प्यादं सरकवलं आणि शांतपणे पेन्सिलीला टोक काढायला लागली. ई४ करावं तर सिसिलियन, आणि मी जन्मभर डी४वाला. सहा मिनिटं विचार करून सी४ केलं आणि हरलो. चुकवायला गेलो आणि वाट चुकलो!

आता ट्रान्स्पोझिशन राहिलं, म्हणजे वेगळ्या क्रमानं येऊन त्याच स्थितीला पोचणं. कोशातलं 'स्थानांतर' नकोसं वाटतं, ते बदलीच्या हुकुमात शोभतं.

कृष्णाकाठ
हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते ना? तसं 'डाव इटालियनला मिळाला' म्हणा. कुठल्या वाटेनं आला ते पुढं कोण विचारतंय?

लालमाती
मिळाला झकास. पण ते तोडीचं लक्षात ठेवा, राव.

अडीचघर
ठेवलंय. टिपणाचा मथळा 'चालक्रम', आत 'चुकवणे' आणि 'मिळणे'. 'तोड' एकदा तरी कंसात घालतोच. मागच्या बाकावरच्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "सर, गंडवणेच भारी होतं."