दख्खनच्या बेसाल्टमधली खनिजे गटवार कशी लावावीत? मदत हवी आहे

खडकवाट

शाळेच्या प्रयोगशाळेतले खनिजांचे कपाट नव्याने लावायचे आहे. बहुतेक नमुने पुणे, नाशिक, जळगाव, जालना भागातल्या खाणींतले आणि विहिरींच्या खोदकामातले. सध्या ते रंगाप्रमाणे मांडलेले आहेत. अडचणी तीन:

१. क्वार्ट्झ एका पुस्तकात ऑक्साइडांत, दुसऱ्यात सिलिकेटांत. खरे कोणते?
२. अॅपोफिलाइटच्या जुन्या लेबलांवर गट 'झिओलाइट' (जाळीच्या पोकळ्यांत पाणी धरणारी सिलिकेटे) लिहिला आहे, नव्या पुस्तकांत मात्र तसे नाही. कॅव्हनसाइटचाही घोळ आहे.
३. बऱ्याच पांढऱ्या नमुन्यांची लेबले हरवली आहेत. कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अॅपोफिलाइट वेगळे कसे करावेत? हाताशी ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा, १० पट भिंग आणि हायड्रोक्लोरिक आम्ल आहे.

गारगोटी

रंगावरची मांडणी आधी मोडा. अॅपोफिलाइट पांढरे, हिरवे, रंगहीन असे सगळेच मिळते. थोड्याशा व्हॅनेडियमने ते हिरवे होते, गट तोच राहतो.

मुख्य वर्ग ऋण आयनावरून (खनिजातला ऋण भाराचा भाग, जसे कार्बोनेट) ठरतो, धातूवरून नाही. कॅल्साइट आणि फ्लुओराइट दोन्हींत कॅल्शियम आहे, पण पहिले कार्बोनेट आणि दुसरे हॅलाइड. गुणधर्मांचे साम्य ऋण आयनाच्या बाजूने जास्त जाते: कॅल्साइट आणि सिडेराइट यांत धातू वेगळे, तरी दोघांचे तुकडे त्याच तिरप्या ठोकळ्यांत पडतात.

क्वार्ट्झच्या बाबतीत दोन्ही पुस्तके बरोबर आहेत. श्ट्रुन्ट्स यांच्या पद्धतीत (१९४१) निव्वळ सिलिकॉन आणि ऑक्सिजन म्हणून ते ऑक्साइडांत जाते. डेना यांच्या परंपरेत रचनेला महत्त्व देऊन ते फेल्डस्पारशेजारी, जाळीदार सिलिकेटांत बसते. एकच पद्धत निवडा आणि कपाटावर तिचे नाव लिहा. शाळेसाठी मी दुसरी निवडेन, कारण बेसाल्टच्या पोकळ्यांतले क्वार्ट्झ, कॅल्सिडोनी आणि झिओलाइट मग एका फळीवर येतात.

सिलिकेटांचे पोटगट सिलिकॉनभोवतीचे चतुष्फलक (एका सिलिकॉनभोवती चार कोपऱ्यांवर चार ऑक्सिजन) एकमेकांना कसे जोडलेत यावर ठरतात. सूत्र हाताशी असेल तर सिलिकॉन व ऑक्सिजनचे प्रमाण काढा: सुटे चतुष्फलक १:४, जोडी २:७, वलय किंवा एकेरी साखळी १:३, दुहेरी साखळी ४:११, पत्रे २:५, त्रिमितीय जाळी १:२.

तुमच्या कपाटावर हे लावून पाहा. अॅपोफिलाइटमध्ये सिलिकॉन ८, ऑक्सिजन २०, म्हणजे २:५. कॅव्हनसाइटमध्ये ४ आणि १०, पुन्हा २:५. दोन्ही पत्रेदार सिलिकेट. स्टिल्बाइटमध्ये सिलिकॉन २७, अॅल्युमिनियम ९, ऑक्सिजन ७२. इथे अॅल्युमिनियम सिलिकॉनच्या जागी चतुष्फलकात बसतो, म्हणून दोन्ही मिळून ३६. ३६ ला ७२ म्हणजे १:२, जाळी. हा झिओलाइट. अॅपोफिलाइटच्या पत्र्यांत अॅल्युमिनियम नाही आणि जाळीही नाही. तेही त्याच पोकळ्यांत सापडते आणि तापवल्यावर पाणी सोडते, म्हणून जुनी लेबले तशी पडली. सोबत सापडणे हा वर्गीकरणाचा आधार नव्हे.

हिशेब करताना दोन ठिकाणी घसरायला होते. पाण्यातला आणि हायड्रॉक्सिलमधला ऑक्सिजन मोजायचा नाही. आणि अॅल्युमिनियम फक्त चतुष्फलकात बसला असेल तरच सिलिकॉनमध्ये मिळवायचा. गार्नेटमध्ये तो चतुष्फलकाबाहेर असतो. तिथे मिळवलात तर सुट्या चतुष्फलकांचे खनिज भलत्याच गटात जाईल. १:३ आले तर वलय की साखळी हे प्रमाणावरून कळत नाही, संदर्भग्रंथच पाहावा लागतो.

कृष्णपाषाण

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आधी आकार पाहा, मग विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड) काढा, आम्ल सर्वांत शेवटी.

स्टिल्बाइट बहुधा मधे आवळलेल्या पेंढीसारखे दिसते. ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीच्या आकाराचे, मधे रुंद. दोघांची कठिनता ३.५ ते ४ आणि दोघांनाही एकाच दिशेने उत्तम पाटन (ठरावीक सपाट पृष्ठावर फुटणे), त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक. त्यामुळे या दोघांत कठिनतेची चाचणी निरुपयोगी. अॅपोफिलाइटचा आडवा छेद चौकोनी, बाजूंवर उभ्या रेघा, पाटन लांबीला आडवे आणि मोत्याची चमक फक्त वरच्या सपाट तोंडावर.

विशिष्ट गुरुत्वासाठी सुटा तुकडा कोरडा तोला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. तुकडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. ८.१३ ला ३.०० ने भागल्यास २.७१, म्हणजे कॅल्साइट. क्वार्ट्झ २.६५, अॅपोफिलाइट २.३ ते २.४, स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट २.२ च्या आसपास. कॅल्साइट आणि क्वार्ट्झ आकड्याने जवळ आहेत, पण क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढते, कॅल्साइट काढत नाही.

तुकडा ५ ग्रॅमपेक्षा लहान नको, नाहीतर काट्याचीच चूक मोठी ठरते. तळाला टेकला तर आकडा वाढतो. हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर कमी येते, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला. बेसाल्ट चिकटलेला असेल तर उत्तर जास्त येते. असा नमुना या चाचणीला घेऊच नका.

आम्ल: बाजारातले तीव्र आम्ल १ भाग, पाणी ३ भाग, साधारण १० टक्के. पाण्यात आम्ल ओता, उलट नाही. चष्मा आणि हातमोजे हवेत. नमुन्याच्या मागच्या बाजूला एकच थेंब, मग भरपूर पाण्याने धुणे. कॅल्साइट लगेच फसफसते. झिओलाइटवर कॅल्साइटचा पातळ थर असला तरी फेस येतो, म्हणून तो नेमका कुठून येतो ते भिंगातून पाहा. पूर्ण नमुना आम्लात बुडवू नका. स्कोलेसाइट आणि अॅपोफिलाइटवर त्याचा परिणाम होतो, चमक जाते आणि ती परत येत नाही.

खडकवाट

फारच उपयोगी. पांढऱ्या सुयांचे काही गुच्छ उरतात. ते नॅट्रोलाइट, मेसोलाइट की स्कोलेसाइट?

कृष्णपाषाण

डोळ्यांनी खात्रीने सांगता येणार नाही. तिघांची जाळी सारख्याच धर्तीची. नॅट्रोलाइटमध्ये सोडियम, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, मेसोलाइटमध्ये दोन्ही. खात्रीसाठी क्ष-किरण विवर्तन लागेल. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात विचारा, त्याला चिमूटभर पूड पुरते. तोपर्यंत लेबल असे लिहा: 'सिलिकेट, जाळीदार, झिओलाइट, तंतुमय, प्रजाती अनिश्चित', आणि खाली गाव, खाण, तारीख. गट पक्का आहे, प्रजाती नंतर भरता येते. सापडल्याचे ठिकाण मात्र लिहायचे राहिले तर कोणतीही चाचणी ते परत देऊ शकत नाही.

गारगोटी

एक भर: लॉमोंटाइट असेल तर ते फळीवर उघडे ठेवू नका. कोरड्या हवेत पाणी निघून जाते आणि स्फटिकांचा भुगा होतो. बंद डबीत ओलसर कापूस ठेवून त्यात ठेवा, आणि डबीवरही लेबल लावा.