प्रार्थना करूनही चिंता सुटत नाही, नेमकं काय करायचं?

शांतीशोधक

जय ख्रिस्त. रोज सकाळी बायबलवाचन, प्रार्थना, रविवारी उपासना असं सगळं नियमाने चालू असूनही मन शांत होत नाही. डोळे मिटले की दोन मिनिटांत विचार भलतीकडे, आणि आमेन म्हटलं की काळजी जिथल्या तिथे. योहान १४:२७ मध्ये प्रभू येशू म्हणतो की मी माझी शांती तुम्हांला देतो. ती जाणवत नसेल तर विश्वास कमी पडतोय असं समजायचं का? "प्रभूवर सोडून द्या" एवढंच कृपया सांगू नका. सोडायचं कसं, ते हवंय.

पहाटप्रहर

विश्वास कमी म्हणून शांती नाही, असा हिशोब मांडू नका. ज्या रात्री येशूने हे शब्द उच्चारले त्याच रात्री, अटकेच्या आधी, तो गेथशेमाने बागेत अतिशय खिन्न झाला होता. मत्तय २६:४४ पाहा, त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारून तिसऱ्यांदा प्रार्थना केली. एकच मागणं पुन्हापुन्हा मागावं लागणं म्हणजे अविश्वास नाही. रोम ५:१ मधली देवाशी असलेली शांती ख्रिस्तामुळे मिळालेली आहे, ती आपल्या मनःस्थितीवर टिकून नाही. मनाला जाणवणारी शांती मात्र कमीजास्त होते. रोज उठून "आज शांत वाटतंय का" हे तपासत बसलं की अस्वस्थता वाढतेच.

आता कृती. फिलिप्पै ४:६ मध्ये प्रार्थना, विनंती आणि आभार एकत्र आले आहेत. वही घ्या, पंधरा मिनिटं पुरतात.

आधी काळजी एका वाक्यात लिहा, पण नेमकी. "मुलाचं कसं होणार" यावर काही मागता येत नाही. "गुरुवारी निकाल आहे, नापास झाला तर तो खचेल याची भीती वाटते" यावर मागता येतं. मग मागणी एका ओळीत. मग गेल्या चोवीस तासांतल्या तीन गोष्टींसाठी आभार, त्याही ठोस: कुणाचा फोन आला, कुठलं काम निभावलं. "सर्व आशीर्वादांबद्दल आभार" हे वाक्य इथे चालत नाही, त्याने मन जागचं हलत नाही. शेवटी आज आपल्या हातात असलेलं एक काम लिहा आणि ते करा. उरलेलं देवाचं. तुम्ही विचारलेलं "सोडणं" म्हणजे ही वाटणी.

बहुतेकांचं बिघडतं ते इथे: देवाचं नाव घेऊन वीस मिनिटं काळजीच घोळवली जाते, आणि उठताना ती बसण्याआधीपेक्षा मोठी झालेली असते. मागणी एकदाच स्पष्ट मांडा आणि थांबा. दिवसात ती परत आली की सगळा विषय नव्याने उघडू नका. "प्रभू, हे सकाळीच तुझ्या हाती दिलंय" एवढं म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. सुरुवातीला हे दिवसातून पन्नास वेळाही करावं लागेल, त्यात काही गैर नाही. आणि फिलिप्पै ४ मधल्या सातव्या, म्हणजे देवाच्या शांतीबद्दलच्या वचनावर थांबू नका. आठवं वचन मनाला काय खायला घालायचं ते सांगतं. झोपेपर्यंत मोबाइलवर भांडणं आणि वाईट बातम्या वाचून सकाळच्या पंधरा मिनिटांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

स्तोत्रवाचक

मन भरकटण्याबद्दल. एका बैठकीत तीन अध्याय वाचत असाल तर ते कमी करा. चार-पाच वचनं घ्या, तीही ओठ हलवून, हळू. बाराव्या शतकात गिगो दुसरा या कार्थुसियन (एकांत पाळणाऱ्या कॅथलिक संघातल्या) मठवासीयाने याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवासमोर नुसतं थांबणं. एक शब्द अडकला की पुढे जाऊ नका, त्याच्यावरच प्रार्थना करा. चौथी पायरी ओढून आणता येत नाही, आली तर आली.

विचार फारच पळत असतील तर पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतली येशूची प्रार्थना घ्या. श्वास आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पाप्यावर दया कर". श्वास ओढूनताणून लांबवू नका, चक्कर येते. मन निसटल्याचं लक्षात आलं की स्वतःवर न रागावता परत नावाकडे या. हे परत येणं हीच प्रार्थना आहे.

आणि बायबलमधली विलापाची स्तोत्रं सोडून देऊ नका. आपण भरवशाचं २३ वं स्तोत्र पाठ करतो आणि १३ वं चाळून पुढे जातो. ते जेमतेम सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कोठवर" असा प्रश्न आहे, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. हा क्रम पाळा. तक्रार गिळून थेट भरवशावर उडी मारली की शब्द पोकळ होतात. ४२ आणि ४३ या स्तोत्रांत मिळून "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हे तीनदा येतं, म्हणजे एकदा समजावून जीव ऐकत नाही हे स्तोत्रकर्त्यालाही ठाऊक होतं. ८८ वं तर अंधारातच संपतं. एखाद्या दिवशी तुमचीही प्रार्थना तिथेच संपली तरी ती प्रार्थनाच आहे.

शांतीशोधक

हे खूप उपयोगी आहे, आभारी आहे. एक राहिलं. मनात कुणाबद्दल राग असेल किंवा जुन्या चुकीची टोचणी असेल, तर?

नांगर

दोन्ही वेगवेगळं हाताळा.

टोचणीसाठी १ योहान १:९. "माझी पापं क्षमा कर" असं मोघम न म्हणता पापाचं नाव घेऊन कबूल करा. कुणाचे पैसे बुडवले असतील तर ते परतही करा, येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने तेच केलं. एकट्याने कबुली देऊन भागत नसेल तर याकोब ५:१६ प्रमाणे दुसऱ्यासमोर द्या. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन करा, तिथली गुप्तता त्यांना मोडता येत नाही. इतरांनी पाळक किंवा तोंड सांभाळणारी परिपक्व विश्वासी व्यक्ती निवडावी, प्रार्थनासभेत सगळ्यांपुढे नको. क्षमा झालेलं पाप पुन्हापुन्हा कबूल करत राहण्याची सवय मात्र घातक आहे. तसं होत असेल तर एकाच मार्गदर्शकाकडे जा आणि त्याने "पुरे" म्हटलं की थांबा.

रागाबद्दल: क्षमा करणं म्हणजे झालेलं बरोबर होतं असं म्हणणं नव्हे, आणि मारहाण करणाऱ्याकडे परत जाणं तर नव्हेच. रोम १२:१८ सर्वांशी शांतीने राहायला सांगताना "शक्य असल्यास" म्हणतं, पुढचं वचन सूड देवाकडे सोपवायला सांगतं. रोज त्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या भल्याचं एक वाक्य देवापुढे बोला. सुरुवातीला ते जिभेवर येणार नाही. तेव्हा "प्रभू, मला हे म्हणवत नाही" हेच खरं सांगा.

पहाटप्रहर

यात शरीर विसरू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा खाणं, आणि देवाची मंद वाणी त्यानंतर. दोन आठवडे सलग उदासी असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, आणि घरात कुणाला तरी सांगून. औषध घेणं हा अविश्वास नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.

आणि कोरडे दिवस आले की ठरलेला नेम बदलू नका. जेज्वीट संघाचा संस्थापक संत, लोयोलाचा इग्नास, याचा नियम आहे: मन उदास असताना आधीचा निर्णय मोडायचा नाही, उलट प्रार्थनेला ठरल्यापेक्षा थोडं जास्तच थांबायचं. पंधरा मिनिटं ठरली असतील तर त्या दिवशी सोळा.