सुचलेले लगेच टिपून ठेवावे की विसरू द्यावे?

गणितशिक्षिका

मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेत गेली एकोणीस वर्षे गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या कडेने चालत असताना, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो हे मुलांना पटवून देणारे एक उदाहरण मला सुचले. त्यात वाण्याची उधारीची वही होती आणि कोणीतरी तिची पाने फाडत होते. टेकडी उतरताना एक परिचित भेटल्या, पाचेक मिनिटे बोलणे झाले, आणि घरी येऊन कागद पुढे घेतला तेव्हा ती वही आणि फाडलेली पाने यांपलीकडे काहीही आठवेना. उदाहरण फार पक्के होते एवढी खात्री मात्र अजून आहे.

तेव्हापासून मी पाठकोऱ्या कागदांचे चार-चार तुकडे करून पिशवीत ठेवते. काही सुचले की जागीच थांबून तीन गोष्टी लिहिते: तारीख, ते कशावरून सुचले, आणि क्रियापदासह एक पूर्ण वाक्य. पूर्ण वाक्याचा आग्रह मी अनुभवाने धरला आहे, कारण सुरुवातीच्या एका तुकड्यावर नुसते ‘जिना, सावली, नववी’ असे लिहिलेले आहे आणि ते अक्षर माझेच असूनही त्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. रात्री जेवणे झाली की मी दिवसभराचे तुकडे पुढ्यात घेते आणि प्रत्येकाचा निकाल लावते. काही फाडते, काही वहीत उतरवते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही वेळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे, अशी त्याची रीत होती. तासाभरातच निम्म्याहून अधिक बचत नाहीशी झालेली त्याला आढळली. माझे मत असे आहे की सुचलेले तिथल्या तिथे टिपावे आणि त्याच दिवशी त्याचा निकाल लावावा. आपणा सर्वांना काय वाटते?

नारायणपेठी

आपली तळमळ समजते, परंतु आपल्या मताशी मी सहमत नाही. एबिंगहाउसने मुद्दाम निरर्थक अक्षरे निवडली होती, जेणेकरून आधीच्या ज्ञानाचा आधार स्मरणाला मिळू नये. विचार नेमका याच्या उलट असतो. जे आपण वर्षानुवर्षे जाणतो त्यातूनच तो उगवतो, आणि म्हणून त्याच मातीतून तो पुन्हा उगवण्याची शक्यता असते. त्या आकड्यांवरून विचारांबद्दल निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

दुसरे असे की, हरवलेला विचार नेहमीच मोठा वाटतो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपले उदाहरण फार पक्के होते ही खात्री कुठून आली? सुचण्याच्या क्षणी जो आनंद झाला तो लक्षात राहिला, आणि त्या आनंदालाच आपण उदाहरणाची गुणवत्ता समजत आहात, असे मला वाटते.

शिवाय ते खरोखर हरवले आहे का? पन्नास रुपयांच्या उधारीची तीन पाने वाण्याने फाडली, तर गिऱ्हाईक दीडशे रुपयांनी वर आले. पाने कमी झाली म्हणून वजा तीन, उधारी म्हणून वजा पन्नास, आणि गुणाकार अधिक दीडशे. आपल्या स्मरणाने फापटपसारा टाकून गाभा ठेवलेला आहे. विसरणे ही मनाची चाळण आहे आणि ती न थकता काम करते. जो माणूस प्रत्येक गोष्ट कागदावर टाकतो, तो ही चाळण बंद करतो आणि सगळा कोंडा घरात साठवतो.

हिंजवडीकर

साठवणीबद्दल मी अनुभवाने बोलू शकतो. वनाज ते हिंजवडी हा प्रवास मी रोज करतो आणि त्यात सुचलेले सहा वर्षे फोनमध्ये टिपत आलो आहे. आज त्या नोंदी चार हजारांच्या वर आहेत. टिपणे कधीच अवघड गेले नाही, सापडणे अवघड गेले. फोनमध्ये शोध घ्यायचा तर त्या वेळी वापरलेला शब्दच आठवावा लागतो, आणि माझ्या नोंदी तर तीन प्रकारे लिहिलेल्या आहेत: काही देवनागरीत, काही इंग्रजीत आणि घाईत टंकलेल्या बऱ्याचशा रोमन लिपीतल्या मराठीत. ‘पाऊस’ शोधला तर रोमन अक्षरांतला पाऊस सापडत नाही, आणि ऱ्हस्वदीर्घ चुकले असेल तर देवनागरीतलाही निसटतो. मध्यंतरी एकच कल्पना दोन वर्षांच्या अंतराने, जवळजवळ त्याच शब्दांत, मी तीनदा टिपलेली आढळली. तिन्ही वेळा ती मला नवीनच वाटली होती.

यातून मी एवढेच शिकलो की, टिपून ठेवले या समाधानाने आपण त्या विचाराला मनातून रजा देतो. म्हणूनच गणितशिक्षिकांचा रात्रीचा निकाल मला फार मोलाचा वाटतो. तो नसेल तर मात्र मी नारायणपेठी यांच्या बाजूचा आहे.

कोशप्रेमी

आपण पुण्यात बसून ही चर्चा करतो आहोत, आणि येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात या प्रश्नाचे एक भव्य उत्तर कपाटे भरून उभे आहे. तिथल्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ साली सुरू झाले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ विद्वानांनी वाचून काढले आणि शब्दांच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ साली निघाला. त्यानंतर कितीतरी भाग निघाले तरी कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे.

माझ्या मनात ठसली ती चिठ्ठीची घडण. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि ग्रंथातील नेमके स्थळ, असे सारे तिच्यावर असते. ज्यांनी सुरुवातीला त्या लिहिल्या ते विद्वान आज नाहीत, तरी आजचा संपादक ती चिठ्ठी हातात घेऊन काम करू शकतो, कारण तिच्यावर तिचा पत्ता आहे. ‘जिना, सावली, नववी’ या तुकड्यावर पत्ता नव्हता, म्हणून तो खुद्द लिहिणारीलाही परका झाला.

रामानुजनचे उदाहरणही पाहावे. कागद परवडत नसे म्हणून तो पाटीवर गणित करी आणि बहुधा केवळ निष्कर्ष वहीत उतरवून पाटी पुसून टाकी. त्या वह्यांतील सूत्रांच्या सिद्धता देत ब्रूस बर्न्ट या गणितज्ञाने त्यांचे पाच खंड संपादित केले, ते १९८५ ते १९९८ या काळात प्रसिद्ध झाले. रामानुजनच्या स्मरणाने गाभा टिकवला असेलही. पण पाटीबरोबर वाट पुसली गेली, आणि ती पुन्हा शोधण्यात इतरांची वर्षे गेली.

नारायणपेठी

महाकोशाबद्दल मला नितांत आदर आहे, पण ते उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे चिठ्ठी लिहिण्याआधी कशासाठी लिहायचे हे ठरलेले होते. प्रश्न पक्का असेल तर एक कोटी चिठ्ठ्याही सुव्यवस्थित राहतात. टेकडीवर फिरताना जे सुचते त्याला असा प्रश्नच नसतो.

अभ्यासिका

प्रश्न आधी ठरलेला असावाच लागतो असे नाही. निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या लिहिल्या. त्याने त्या विषयवार कप्प्यांत न कोंडता प्रत्येकीला क्रमांक दिला, आणि नवी चिठ्ठी जुन्या कोणत्या चिठ्ठीशी बोलते ते तिच्यावरच नोंदवले. माझा प्रबंध चालू आहे आणि ही पद्धत मी गेले वर्षभर वापरते आहे. नवी नोंद करताना एक तरी जुनी नोंद काढून वाचावीच लागते, त्यामुळे हिंजवडीकरांची अडचण मला सहसा येत नाही. वेळ मात्र पुष्कळ जातो.

गणितशिक्षिका

नारायणपेठी, आपण वाण्याचे उदाहरण उभे करून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल सातवीच्या वर्गात मी ते तसेच्या तसे वापरले. अर्ध्या वर्गाला पटले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, “बाई, पान फाडलं, पण त्याच्या हातात पैसे कुठे आले?” आणि त्या क्षणी मला लख्ख आठवले की टेकडीवर माझ्या मनात हाच आक्षेप आला होता आणि त्याला एक उत्तरही सापडले होते, ज्यासाठी मी त्या दिवशी इतकी आनंदले होते. उदाहरण राहिले, आक्षेपाचे उत्तर गेले.

डार्विनने आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितला आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो ती ताबडतोब टिपून ठेवी, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा प्रतिकूल गोष्टी मनातून लवकर निसटतात असे त्याला अनुभवाने कळले होते. आपण म्हणता ती चाळण आहे, हे मी मान्य करते. परंतु ती निःपक्षपाती नाही. जे आपल्याला सोयीचे आणि गोड आहे ते ती वर ठेवते. जे टोचते, ज्याने विचार पुढे सरकला असता, ते खाली पडते. गाभा राहतो असे आपण म्हणालात, पण माझ्या बाबतीत जो राहिला तो सोपा अर्धा भाग होता. कठीण अर्ध्या भागाशिवाय गेल्या तीन वर्षांतल्या तीन तुकड्या मी पुढे पाठवल्या, याची मला खंत आहे.

नारायणपेठी

त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. कालपासून त्यावर विचार करतो आहे. हातात पैसे येत नाहीत, पण उद्या येणाऱ्या पगारातले दीडशे रुपये आता त्याचे स्वतःचे राहतात, असे काहीसे सांगता येईल का? हे आपले टेकडीवरचे उत्तर नसावे, तरी पाहावे.

प्रत्येक विचार टिपावा हे मला अजूनही पटलेले नाही, आणि चार हजार नोंदींचे ओझे मी वाहणार नाही. मात्र स्वतःच्या मताविरुद्ध जाणारे जे जे सुचेल तेवढेच, आपल्या पद्धतीने तारीख घालून आणि पूर्ण वाक्यात, महिनाभर लिहून पाहण्याचे मी ठरवले आहे. घरात पाठकोरे कागद पुष्कळ आहेत. पहिल्या तुकड्यावर आज सकाळी त्या मुलीचा प्रश्न लिहिला.